कयाकचा तोल आणि नाविकाची सुरक्षितता

वल्ह्याने चालविल्या जाणाऱ्या लहान नौकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न सामान्यतः साधनांचा प्रश्न म्हणून मांडला जातो. नौका रुंद असावी, अंगात तरंगते जाकीट असावे आणि किनारा दृष्टीआड होऊ नये, एवढी सावधगिरी पाळली की काम भागले, अशी समजूत आढळते. ही समजूत सर्वस्वी चुकीची नव्हे. परंतु ती अपुरी खास आहे. अशा नौकेत माणूस हा केवळ उतारू नसून नौकेच्या तोलाचा मुख्य घटक असतो. त्यामुळे नौका, वेष आणि कौशल्य यांचा विचार एकमेकांपासून तोडून करता येत नाही. प्रत्येक साधन एखादे कौशल्य गृहीत धरते आणि प्रत्येक कौशल्याला साधनाने आखून दिलेली मर्यादा असते. या विधानाचा अर्थ कयाक या नौकेच्या उदाहरणाने स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. संज्ञांचा खुलासा

मराठीत 'वल्हे' हा शब्द दोन भिन्न साधनांना लावला जातो. होडीच्या काठावरील आधाराला अडकवून, प्रवासाच्या दिशेकडे पाठ करून ओढावयाचे वल्हे वेगळे. आणि कोठेही न अडकविता दोन्ही हातांत मोकळे धरून, पुढे तोंड करून मारावयाचे वल्हे वेगळे. कनू, कयाक आणि उभे राहून चालवावयाची फळी, म्हणजे पॅडलबोर्ड, या तिन्हींत दुसऱ्या प्रकारचे वल्हे असते. कनू ही वरून उघडी नौका असून तिच्या वल्ह्याला एकच पाते असते. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांनी भूर्जाच्या सालीपासून बनविलेली कनू नद्या आणि सरोवरे यांच्या प्रवासासाठी प्रसिद्ध होती. कयाक वरून झाकलेली असते. तिला माणसाच्या कमरेपुरते तोंड ठेवलेले असते आणि तिच्या वल्ह्याला दोन्ही टोकांस पाती असतात. ती ध्रुवीय प्रदेशातील इन्युइट लोकांची शिकारीची नौका होय.

हा भेद वरवरचा नाही. उघड्या नौकेतून माणूस पडतो तेव्हा तो तिच्यापासून सुटा होतो. झाकलेल्या आणि कमरेशी घट्ट बसलेल्या नौकेत तो उलटला तर नौकेसह उलटतो. म्हणून कयाकची सुरक्षितता उलटल्यानंतर काय करावयाचे, या प्रश्नापासून सुरू होते.

२. देहाच्या मापाची नौका

ग्रीनलंडमधील पारंपरिक कयाकचा सांगाडा वाहून आलेल्या लाकडाचा असे. त्यावर सीलची कातडी ताणून शिवलेली असत आणि सांगाड्याचे जोड बव्हंशी चामड्याच्या वाद्यांनी बांधलेले असत. तिची मापे नाविकाच्या देहावरून घेतली जात. लांबी सुमारे तीन वाव, रुंदी कंबरेच्या रुंदीहून दोन मुठी अधिक, आणि वल्हे एक वाव व एक हात, हा एक रूढ हिशेब होय. वाव, हात, मूठ ही मापे मराठी वाचकास परिचित आहेत. मात्र येथे ती कोणाही माणसाची नसून त्या नौकेत बसणाऱ्या विशिष्ट माणसाचीच असत.

या पद्धतीमागे सोयीपेक्षा अधिक काही होते. गुडघे, मांड्या आणि नितंब यांचा नौकेशी घट्ट संबंध असल्यावाचून कमरेच्या हालचालीने नौका वळविता येत नाही. दुसऱ्याच्या मापाची सैल कयाक चालविणाऱ्याचे पाय आतल्या आत सरकतात. नौका एका बाजूस कलत असता तिला थोपविणारा अवयवच मग नौकेला टेकलेला नसतो. आजही नवशिक्याला प्रथम पायांचा आधार आणि मांड्यांचा टेकू नीट बसविण्यास सांगतात, त्याचे कारण हेच आहे.

३. तोल कशाने राहतो

तरंगणाऱ्या कोणत्याही वस्तूवर दोन बले कार्य करतात. वजन गुरुत्वमध्यातून खाली ओढते आणि पाण्याचे उत्प्लावक बल, बुडालेल्या भागाच्या मध्यातून, वर ढकलते. नौका एका बाजूस कलली की त्या बाजूचा अधिक भाग पाण्यात जातो व उत्प्लावनमध्य तिकडे सरकतो. तो गुरुत्वमध्याच्या पलीकडे राहतो तोवर या दोन बलांच्या जोडीतून नौकेला सरळ करणारे परिबल निर्माण होते. गुरुत्वमध्य त्याच्याही पलीकडे गेला की तीच जोडी नौकेला उलटविते.

मोठ्या गलबतात माल जागच्या जागी बांधलेला असल्यामुळे गुरुत्वमध्य बहुतांशी स्थिर असतो. पंचवीस किलोग्रॅम वजनाच्या कयाकमध्ये सत्तर किलोग्रॅमचा माणूस बसला म्हणजे एकूण वजनाचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग हलता होतो. नवशिका मनुष्य नौका कलताच घाबरून धड आणि डोके कललेल्या बाजूस झुकवितो किंवा काठ पकडतो, आणि गुरुत्वमध्य नेमका नको तेथे नेतो. निष्णात नाविक कमरेच्या वरचा देह सैल व उभा ठेवतो आणि कमरेखालून नौका हवी तशी कलवितो. त्याचे डोके नौकेवरच राहते. नौका कलणे आणि माणूस झुकणे या दोन क्रिया वेगळ्या करता येणे, हे कयाकविद्येचे पहिले कौशल्य होय.

येथेच रुंदीविषयीचा सामान्य समज तपासून पाहावा लागतो. रुंद व सपाट तळाची नौका संथ पाण्यावर निश्चल वाटते. परंतु तिची प्रवृत्ती पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर राहण्याची असते. लाटेचा उतार बाजूने आला की ती त्या उताराबरोबर कलते. अरुंद व गोलसर नौका संथ पाण्यात डुगडुगते. तथापि लाटेच्या उतारावर तिला कमरेने उभे धरणे सोपे जाते. आधुनिक सागरी कयाकची रुंदी साधारणतः ५५ ते ६० सेंटिमीटर असते आणि ग्रीनलंडच्या जुन्या कयाकची त्याहूनही कमी असे. कोकणच्या किनाऱ्यावरील होडीला बाजूस उलांडी जोडून जो स्थैर्याचा प्रश्न सोडविला गेला, तो ग्रीनलंडमध्ये नाविकाच्या कमरेवर सोपविला गेला. दोन्ही उत्तरे आपापल्या ठिकाणी योग्य आहेत. पहिल्यात स्थैर्य वस्तूत साठविलेले असते, तर दुसऱ्यात ते माणसाला शिकावे लागते.

पॅडलबोर्डला हाच न्याय वेगळ्या रीतीने लागू पडतो. फळी रुंद असली तरी माणूस उभा राहिल्याने गुरुत्वमध्य उंच जातो आणि देहावर वाऱ्याचा दाबही अधिक बसतो. वारा वाढताच गुडघ्यांवर बसणे व प्रसंगी फळीवर पालथे पडून हातांनी वल्हविणे, ही तेथील पहिली उपाययोजना होय.

नौकेत पाणी शिरले की धोका केवळ वजनाचा नसतो. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलोग्रॅम वजन, हे खरे. पण अर्धवट भरलेली परात उचलताना पाणी ज्याप्रमाणे खालच्या बाजूस धावते, त्याप्रमाणे ते नौका कलताच कललेल्या बाजूस धावते आणि उलटण्यास हातभार लावते. यास्तव आधुनिक कयाकमध्ये पुढे व मागे आडभिंती घालून हवाबंद कप्पे केलेले असतात. आडभिंती नसतील तेथे हवेच्या पिशव्या भराव्या लागतात.

४. युरोपने काय घेतले

ब्रिटिश प्रवासी जॉन मॅकग्रेगर याने १८६५ मध्ये कयाकच्या धर्तीवर बांधलेल्या 'रॉब रॉय' नावाच्या लाकडी नौकेतून युरोपातील नद्या व सरोवरे यांचा प्रवास केला. त्याच्या प्रवासवर्णनामुळे हा छंद पसरला आणि १८६६ मध्ये लंडनजवळ या खेळाची मंडळी स्थापन झाली. तीच पुढे रॉयल कनू क्लब म्हणून ओळखली गेली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी जर्मनीत घडीच्या कयाकची निर्मिती सुरू झाल्यावर ही नौका आगगाडीतून नेता येऊ लागली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये या खेळाला पूर्ण मान्यता मिळाली.

या इतिहासात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नौकेचा आकार प्रथम आला. तिच्याबरोबरची विद्या मागाहून आली. उलटलेली कयाक आत बसूनच पुन्हा सरळ करण्याची जी क्रिया 'रोल' या नावाने ओळखली जाते, ती ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. युरोपियनांपैकी ती प्रथम साधल्याचे श्रेय सामान्यतः ऑस्ट्रियाच्या एडी हान्स पावलाटा याला दिले जाते. त्याने ध्रुवीय प्रवाशांनी लिहिलेली वर्णने वाचून १९२७ मध्ये ती साध्य केली. मॅकग्रेगरच्या प्रवासानंतर ही साठाहून अधिक वर्षे होत.

५. रोलची क्रिया

पाहणाऱ्याला असे वाटते की, नाविक वल्ह्याच्या जोरावर स्वतःला पाण्यातून वर उचलतो. वस्तुतः वल्ह्याचे पाते पाण्याच्या पृष्ठभागालगत फिरून केवळ क्षणभराचा आधार देते. नौका फिरते ती कंबर आणि गुडघा यांच्या झटक्याने. नौका बरीचशी सरळ झाल्यावर तिच्यामागून धड व सर्वांत शेवटी डोके वर येते. डोके पाण्यात असेपर्यंत त्याचे वजन पाणी पेलते. ते अगोदर बाहेर काढले की तो भार नौकेला पुन्हा खाली ओढतो. गुदमरलेल्या माणसाची सहजप्रवृत्ती मात्र डोके प्रथम वर काढण्याची असते. म्हणून रोल शिकणे हे सहजप्रवृत्तीच्या विरुद्ध शिक्षण होय आणि ते संकटकाळी सुचेल, या भरवशावर राहता येत नाही.

ग्रीनलंडच्या शिकाऱ्याला एकच रोल पुरत नसे. भाल्याच्या दोरीत हात गुंतला, वल्हे निसटले किंवा ते एकाच बाजूने फिरविता येत असेल, अशा प्रत्येक प्रसंगासाठी वेगळा प्रकार असे. काही प्रकार भाला फेकण्याच्या लाकडी फळीच्या आधाराने, तर काही नुसत्या हाताने करावयाचे असतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रीनलंडमध्ये या परंपरेचे पुनरुज्जीवन झाले आणि तेथील कयाक-संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेत रोलचे तीसहून अधिक प्रकार तपासले जातात. त्यांतील प्रत्येक प्रकार कोणत्या तरी शिकाऱ्यावर ओढवू शकणाऱ्या प्रसंगाचे उत्तर आहे.

६. थंड पाण्याचा प्रश्न

रोल येत असूनही माणूस बुडतो याचे एक कारण शरीरक्रियाशास्त्रात सापडते. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट उष्णता वाहून नेते. तरीही थंड पाण्यातील मृत्यू प्रायः शरीर गोठून होतो, ही कल्पना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संशोधनाने मागे पडली. गोल्डन आणि हर्वी यांनी १९८१ मध्ये या आपत्तीचे चार टप्पे मांडले. पहिल्या दोन-तीन मिनिटांत त्वचा एकाएकी थंड झाल्याने श्वास आवंढ्यासारखा आत ओढला जातो, श्वसन अनावर होते आणि हृदयावर ताण पडतो. त्यानंतर हातापायांचे स्नायू व नसा थंड होऊन पोहण्याची व पकडण्याची शक्ती जाते. शरीराच्या गाभ्याचे तापमान घातक पातळीपर्यंत उतरण्यास प्रायः अर्ध्या तासाहून अधिक काळ लागतो. चौथा टप्पा सुटकेच्या वेळचा किंवा त्यानंतरचा. बाहेर काढलेला मनुष्य कोसळू शकतो, म्हणून त्याला आडवे ठेवून जपून हाताळावयाचे असते. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी हेच सूत्र शिकणाऱ्यांसाठी सोपे करून सांगितले आहे : श्वास आवरण्यास एक मिनिट, हातपाय चालतात तोवर दहा मिनिटे, आणि शुद्ध हरपण्यास सुमारे एक तास.

याचा रोलशी संबंध उघड आहे. उपड्या नौकेखाली तोल साधण्यास काही सेकंद श्वास रोखावा लागतो. कोमट तलावात मिनिटभर श्वास रोखणारा मनुष्य अतिशीत पाण्यात काही थोड्या सेकंदांतच तोंड उघडतो. म्हणजे उबदार पाण्यात मिळविलेले कौशल्य थंड पाण्यात तेवढेच उरत नाही. ग्रीनलंडच्या शिकाऱ्याचा 'तुइलिक' हा वेष येथे समजून घेतला पाहिजे. डोक्यावरील टोपी व अंगरखा यांचा तो एकच चामडी पोशाख असून चेहरा, मनगटे व नौकेचे तोंड येथे तो आवळून बांधलेला असे. पाणी आत येऊ नये हा त्याचा उपयोग सहज दिसतो. त्वचेला एकदम गारठा न लागू देऊन तो श्वासही राखीत असे, हे शरीरक्रियाशास्त्राच्या आधारे आज सांगता येते. आजचे वेटसूट व ड्रायसूट हेच काम करतात. म्हणून पोशाख हवेच्या तापमानावरून न निवडता पाण्याच्या तापमानावरून निवडावा, हा नियम रूढ झाला आहे.

७. एकटेपणाचा प्रश्न

रोलची दुसरी मर्यादा ब्रिटिश संशोधक जिनो वॉटकिन्स याच्या मृत्यूने दिसून येते. १९३०-३१ च्या मोहिमेत पूर्व ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांकडून त्याने कयाक आणि रोल शिकून घेतला होता व त्यात चांगले प्रावीण्य मिळविले होते. पुढील मोहिमेत, २० ऑगस्ट १९३२ रोजी, तो सीलच्या शिकारीसाठी एकटाच बाहेर पडला. त्या दिवशी सहकाऱ्यांना त्याची कयाक रिकामी तरंगताना आढळली. त्याची विजार आणि कयाकचा पट्टा एका हिमखंडावर सापडला. देह कधीच मिळाला नाही. त्याचे वय त्या वेळी पंचवीस वर्षांचे होते. नेमके काय घडले हे कोणी पाहिले नाही. मात्र मागे राहिलेल्या वस्तूंवरून तो नौकेतून बाहेर पडला होता आणि नौकेकडे परत पोहोचू शकला नाही, एवढे अनुमान करता येते. रोल हा नौकेत बसलेल्या माणसाचा उपाय आहे. माणूस आणि नौका यांची ताटातूट झाल्यावर त्याचा काहीही उपयोग नसतो; तेथे दुसऱ्या नौकेची गरज लागते.

एकटेपणाचा परिणाम मनावरही होतो. ग्रीनलंडमध्ये 'नांगिआर्नेक' या नावाने ओळखली जाणारी एक अवस्था डॅनिश वैद्यांनी एकोणिसाव्या शतकापासून नोंदविलेली आहे. वारा पडलेला, पाणी आरशासारखे, ऊन डोळ्यांवर आणि शिकारी सीलची वाट पाहत निश्चल बसलेला. अशा वेळी त्याला नौका कलत आहे किंवा बुडत आहे असा भास होऊ लागतो, अंगाला गारठा चढतो आणि वल्हे हलविण्याचे बळ राहत नाही. दुसरा कयाकवाला जवळ आला किंवा पाण्यावर थोडी खळबळ उठली की ही अवस्था ओसरते. क्षितिज आणि पाणी एकरूप झाल्याने डोळ्यांना तोलाची खूण मिळत नाही, असे तिचे एक स्पष्टीकरण आहे. शांत पाणी म्हणजे निर्धोक पाणी, हे समीकरण किती सदोष आहे ते यावरून कळते.

८. साधने व त्यांच्या मर्यादा

आता साधनांचा विचार त्यांच्या योग्य जागी करता येईल. तरंगत्या जाकिटांचे दोन वर्ग आहेत. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार ५० न्यूटन उत्प्लावक बलाचे जाकीट हे पोहता येणाऱ्या व शुद्धीवर असलेल्या माणसास साहाय्य करते. १०० न्यूटन व त्याहून अधिक बलाची जीवरक्षक जाकिटे चेहरा पाण्याबाहेर राहील अशा रीतीने देहाला उताणे करण्यासाठी असतात. कयाकवाला बहुधा पहिल्या वर्गाचे जाकीट वापरतो. कारण दुसरे जाकीट वल्हविताना व रोल करताना आड येते. ही निवड करताना तो शुद्धीवर राहण्याची जबाबदारी स्वतःवर घेत असतो. त्या जबाबदारीचाच भाग म्हणून खडकाळ वेगवान नदीत डोक्यावर शिरस्त्राण लागते.

नौकेच्या तोंडावर ताणून बसविलेली झालर पाणी बाहेर ठेवते. पण उलटल्यावर रोल न साधल्यास तीच सोडवून बाहेर यावे लागते. तिच्या पुढील बाजूची ओढपट्टी आत दुमडून गेली असेल तर रक्षण करणारी झालरच अडकविणारी ठरते. त्याचप्रमाणे पॅडलबोर्डला घोट्याशी बांधलेली दोरी मोकळ्या संथ पाण्यात फळी हातची जाऊ देत नाही. वाहत्या नदीत मात्र ती झाडाच्या फांदीत किंवा खडकात अडकली तर माणूस प्रवाहाखाली दाबला जातो आणि हात घोट्यापर्यंत पोहोचत नाही. तेथे कमरेला बांधावयाचा व एका ओढीसरशी सुटणारा पट्टाच वापरावा लागतो.

नौकेत पुन्हा चढण्याच्या रीतींनाही हेच लागू पडते. वल्ह्याच्या पात्यावर हवेची पिशवी बसवून तात्पुरती उलांडी तयार करता येते, किंवा सोबत्याच्या नौकेवर आपली नौका आडवी ओढून रिकामी करता येते. पण या दोन्ही क्रिया बधिर बोटांनी आणि लाटांत करावयाच्या असतात. किनाऱ्यालगत त्यांचा सराव नसेल तर पिशवी जवळ असून नसल्यासारखीच होय.

९. वारा आणि प्रवाह

वाऱ्याचा व पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहणारा वारा विशेष फसवा असतो, कारण किनाऱ्याच्या आडोशाला पाणी संथ दिसते आणि जसजसे दूर जावे तसतशी लाट वाढते. कोकणातील मतलई वाऱ्यावर सकाळी सहज बाहेर पडता येते, आणि दुपारनंतर खारे वारे नौकेला किनाऱ्याकडे लोटतात. या क्रमात व्यत्यय आला तर परतीचे श्रम जातानाच्या श्रमांहून कितीतरी अधिक पडतात. यास्तव प्रवासाचा हिशेब परतीपासून मांडावा. उबदार समुद्रात थंडीचा धोका नसला, तरी ऊन, तहान व थकवा त्याची जागा घेतात.

नदीत पडलेल्या माणसाने वेगवान प्रवाहात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. पाय दगडांच्या फटीत अडकला तर प्रवाह धडाला खाली दाबतो. उताणे होऊन, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवून, संथ पाणी गाठावयाचे असते. ठेंगण्या बंधाऱ्यावरून पडणारे पाणी पायथ्याशी उलटे फिरते आणि तरंगणारी वस्तू पुन्हा पुन्हा बंधाऱ्याकडे ओढून आणते. वरून पाहता तेथे फारसा खळखळाट दिसत नाही. महाराष्ट्रातील नद्यांवर बंधारे ठिकठिकाणी असल्यामुळे ही गोष्ट येथे विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बंधारा टाळून नौका काठाने उचलून नेणे हाच त्यावरील उपाय होय.

१०. उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, कयाक, झालर, जाकीट, दोरी अथवा रोल यांपैकी एकही गोष्ट स्वतःपुरती सुरक्षित नाही. झालर वापरण्यास ती सोडविण्याचा सराव लागतो. रोल करण्यास श्वास लागतो. श्वास टिकण्यास योग्य पोशाख लागतो. आणि नौका हातची गेल्यावर सोबती लागतो. ग्रीनलंडच्या शिकाऱ्याने नौका, वेष आणि विद्या यांचे माप एकाच देहावरून घेतले होते. पुढे ती नौका खेळाचे साधन झाली, दुकानात मिळू लागली आणि तिचे भाग वेगवेगळे विकत घेता येऊ लागले. त्यामुळे त्यांचा परस्परसंबंध विसरणे सोपे झाले. ज्या पाण्यात जावयाचे त्याच पाण्यात, किनाऱ्याजवळ आणि सोबत्याच्या नजरेखाली, एकदा मुद्दाम उलटून पाहावे, या शिक्षकांच्या आग्रहाचे मर्म हेच आहे. पोशाख, झालर, श्वास आणि सोबती या चारींची परीक्षा त्या एका उलटण्यात होते, आणि तीत काही उणे ठरले तर किनारा अजून हाताशी असतो.